पालथे सम्राट

बाईंच्या घरात दोनशेच्या आसपास रोमन सम्राट होते आणि ते सगळे पालथे पडलेले असत.

उंच लाकडी कपाट, त्यात सपाट खण, खणांत हिरवी मखमल, मखमलीत गोल खळगे आणि प्रत्येक खळग्यात एक ब्राँझचं नाणं. नाण्याच्या एका बाजूला सम्राटाचा चेहरा, दुसऱ्या बाजूला ज्या शहरानं ते पाडलं त्याचं नाव. सगळे लोक चेहरा वर ठेवून नाणी मांडतात. बाई शहर वर ठेवत. त्यांच्या फेराइनमधले, म्हणजे नाण्यांच्या मंडळातले, म्हातारे घरी आले की दर वेळी कुरकुरत, "अहो, सम्राट कोण आहे हे कळायचं कसं?" बाई म्हणत, "त्याला सगळे ओळखतात. त्याचे पुतळे आहेत. या लोकांकडे एवढंच आहे."

येनामध्ये मी पाच वर्षं राहिले ती बाईंच्या घरात, सगळ्यात वरच्या मजल्यावर, उतरत्या छताच्या खोलीत. विद्यापीठात पीएचडी करत होते. माझा विषय पृष्ठभाग मोजण्याचा. काचेवर किंवा धातूवर प्रकाश टाकायचा आणि डोळ्यांना सपाट दिसणाऱ्या जागेतले खड्डे-उंचवटे नोंदवायचे. बाईंचंही आयुष्य काचेत गेलं होतं. लेन्सच्या कारखान्यात त्या तपासनीस होत्या. हातातून गेलेल्या प्रत्येक लेन्सच्या चिठ्ठीवर त्यांची सही असायची. लग्न केलं नव्हतं. जर्मनीत त्यांना सगळे फ्राऊ आणि पुढे आडनाव म्हणत. मी आईशी फोनवर बोलताना 'आमच्या बाई' म्हणायचे, तेच माझ्या डोक्यात राहिलं.

खोली बघायला गेले तेव्हा त्यांनी माझे बँकेचे कागद मागितले नाहीत. माझ्या तळहातावर एक नाणं ठेवलं आणि बघत उभ्या राहिल्या. मी घाबरून ते दोन बोटांत कडेनं धरलं. लॅबमधली सवय होती ती. काचेला अंगठा लागला की आमचे गाइड ओरडायचे.

"गेनाऊ, अगदी बरोबर," बाई म्हणाल्या. "मीटफरट्राग आणते."

त्या भाडेकरारावर सही करताना त्यांनी माझं आडनाव तीनदा मोठ्यानं वाचलं आणि अर्थ विचारला. मी सांगितलं, शेवटचं 'कर' म्हणजे त्या गावचे, आणि आधी आहे ते गाव. बाईंनी पेन खाली ठेवलं. आत जाऊन एक खण घेऊन आल्या. "वाचा. ग्रीक अक्षरं गणितात शिकला असाल." मी अडखळत वाचलं. नाण्यावर नुसतं 'निसा' नव्हतं, नावाला पुढे शेपूट होतं. "निसाच्या लोकांचं, असं लिहिलंय," त्या म्हणाल्या. "शहर म्हणजे लोक, म्हणून. आल्झो, म्हणजे तुमच्या भाषेत निसा-कर." त्या दिवसापासून आमच्या घरात ती बोलीच झाली. निसाकर, ट्रालेसकर, अफ्रोडिसियसकर.

"आणि तुमच्या त्या गावाला गेला आहात?"

"नाही. आजोबाही गेले नसतील."

"तरी नाव ठेवलंत," बाई म्हणाल्या. "ते बरं केलंत."

नाण्यांबद्दल मला काहीच माहीत नव्हतं. जे कळलं ते त्यांच्या स्वयंपाकघरात, पावाला लोणी लावता लावता. रोमन साम्राज्याच्या पूर्वेकडच्या भागात, आजच्या तुर्कस्तानाकडे, ग्रीक बोलणारी शेकडो शहरं होती. सोन्या-चांदीची नाणी सम्राटाची. पण पाव घ्यायला, स्नानगृहात जायला लागणारी ब्राँझची चिल्लर ही शहरं स्वतः पाडत. सैन्य गेलं होतं, राज्य गेलं होतं, बोटाच्या पेराएवढी एक चकती उरली होती, तिच्यावर आपलं नाव, आपली नदी, आपलं देऊळ, आणि जागा उरली तर आपली बिरुदं. तीन-तीन शहरं नाण्यावर लिहीत की आशिया प्रांतात पहिलं आपणच. दर सोमवारी बाई एका शहराचा खण काढून टेबलावर ठेवत. तो आठवडा त्या शहराचा. नदीपलीकडच्या शेजाऱ्यांबद्दल बोलावं तसं त्या बोलत. "या लोकांना बंदर नव्हतं. तरी जहाज कोरलंय. त्यांच्या मनात काय होतं कोण जाणे."

मोठ्या शहरांची नाणी मात्र त्या घेत नसत. इफेसस नाही, स्मिर्ना नाही, सार्डिस नाही. "त्यांना माझी गरज नाही," एवढंच कारण सांगत.

त्यांच्याबरोबर ट्रेननं जाणं ही एक परीक्षा होती. लोकल गाडी ज्या ज्या स्टेशनवर थांबे त्या प्रत्येक स्टेशनचं नाव त्या मोठ्यानं उच्चारत. फलाटावर माणूस असो वा नसो. समोरचे प्रवासी फोनमधून मान वर करत. पहिल्या वर्षी मी अशा वेळी खिडकीबाहेर बघत राहायचे. एकदा म्हटलं, "अनाउन्समेंट होतेच की." त्या म्हणाल्या, "ते मशीन म्हणतं." तिसऱ्या वर्षी एकटीच नाउमबुर्गला जात होते, तेव्हा माझ्या लक्षात आलं की माझे ओठ हलताहेत.

हे सगळं कुठून आलं ते मला एका दवाखान्यात कळलं. बाईंना मोतीबिंदू झाला होता. दोन्ही डोळ्यांना. फेराइनमध्ये कुणाला सांगितलं नव्हतं. भिंग गळ्यात अडकवून फिरायच्या आणि बघितल्यासारखं करायच्या. ऑपरेशनच्या आधीच्या तपासणीला मी सोबत गेले. काउंटरवरची मुलगी कॉम्प्युटरवर फॉर्म भरत होती. जन्मगाव विचारलं, बाईंनी सांगितलं.

"हे लिस्टमध्ये येत नाहीये. मी शेजारचं टाकते हं, इथे जवळचं मोठं गाव दाखवतंय."

"मी तिथे जन्मले नाही."

"हो, पण सिस्टीम दुसरं घेतच नाही."

"मग मी बसते," बाई म्हणाल्या आणि काउंटरसमोरच्या खुर्चीवर पर्स मांडीवर घेऊन बसल्या. मागे रांग वाढली. कुणीतरी उसासा टाकला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. वीसेक मिनिटांनी त्या मुलीनं शेवटी शेऱ्याच्या रकान्यात ते नाव टाइप केलं. बाईंनी स्क्रीन आपल्याकडे वळवायला लावला, स्पेलिंग तपासलं आणि मनापासून आभार मानले.

परत येताना ट्राममध्ये त्यांनी सांगितलं. गावाखाली कोळसा निघाला. त्या सोळा वर्षांच्या होत्या. आधी शाळा बंद झाली, मग कबरी हलवल्या, मग घरं. गावकऱ्यांना तीन वेगवेगळ्या गावांत फ्लॅट मिळाले. कोळसा संपल्यावर खाणीत पाणी सोडलं. आता तिथे तलाव आहे, लोक शिडाच्या होड्या घेऊन जातात.

"तुम्ही गेलात कधी?"

"पाणी छान आहे म्हणतात," बाई म्हणाल्या, आणि पुढच्या स्टॉपचं नाव घेतलं.

त्याच हिवाळ्यात तोमारिस घरात आलं.

एका शहरातल्या नाण्यांच्या जत्रेहून त्या परतल्या त्या कोट न काढता माझ्या मजल्यापर्यंत चढून आल्या. दारातच मूठ उघडली. "तोमारिस," म्हणाल्या. धाप लागली होती. "लिडियातलं. पुस्तकांत दोन ओळी आहेत या गावावर. नाणी इतकी थोडी की मी एकही हातात घेतलेलं नाही. आणि हा ठसा तर कुठल्याच पुस्तकात नाही." नाण्यावर नदीचा देव कोपरावर रेलून बसला होता, भोवती नऊ ग्रीक अक्षरं. तोमारिसकरांचं.

मी त्यांना इतकं आनंदी कधी पाहिलं नव्हतं. त्या लेख लिहायला बसल्या. फेराइनची एक पत्रिका निघायची, वर्षातून दोनदा. आठ पानांचा लेख झाला. त्यासाठी फोटो हवा होता, आणि तो माझ्या यंत्रातून काढावा अशी त्यांची इच्छा होती.

शनिवारी लॅब रिकामी असते. मी नाणं यंत्राखाली ठेवलं, आणि नुसता फोटो काढण्याऐवजी सवयीनं पृष्ठभागही मोजला. ठसा मारल्यावर धातू वाहतो. अक्षरांच्या कडा गोलसर होतात. शेवटची तीन अक्षरं तशीच होती. आधीच्या सहा अक्षरांच्या तळाशी मात्र बारीक समांतर ओरखडे होते, कडा उभ्या, आणि भोवतालचा धातू केसभर खाली गेलेला. कुणीतरी अलीकडे मूळची सहा अक्षरं घासून काढून नवी कोरली होती. दुसऱ्यांदा मोजलं. तिसऱ्यांदा मोजलं.

मग मी वरून मऊ प्रकाश टाकून एक फोटो काढला. त्यात यातलं काहीच दिसत नव्हतं. नाणं सुंदर दिसत होतं. तो फोटो मी निवडला. आपोआप झालं नाही ते. मी निवडला, हे लिहायला हवं.

रात्री आईला फोन केला.

"किती वर्षांच्या आहेत गं त्या?" आईनं विचारलं.

"अठ्ठ्याहत्तर."

"अगं, मग असू दे की. एवढ्या हौसेनं आणलंय. कुणाचं काय बिघडतंय त्यात?"

"लेख छापून येणार आहे, आई."

"कोण वाचतंय तो! तू उगाच म्हाताऱ्या माणसाचं मन मोडू नकोस. त्या परक्या देशात तुला कोण आहे त्यांच्याशिवाय?"

मला हेच ऐकायचं होतं, म्हणून मी आईला फोन केला होता. बाबांना केला नाही.

लेख छापून आला. फेराइनची बैठक एका गास्टहाउसच्या, म्हणजे खाणावळीच्या, मागच्या खोलीत भरायची. अध्यक्ष निवृत्त औषधवाले होते, ते उभे राहून बोलले, सगळ्यांनी टेबलावर बोटांच्या पेरांनी टकटक केली, ही तिथली टाळ्यांची रीत. बाईंनी निळं जाकीट घातलं होतं. लेखाच्या शेवटी फोटोबद्दल आभार होते, माझं नाव, पूर्ण आडनावासकट. मी हसले. टकटक माझ्यासाठीही झाली.

त्यानंतर बाईंच्या उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. पट्टी निघाली, थेंब घालायचे दिवस संपत आले. एका रविवारी सकाळी त्यांनी खालून मला हाक मारली. स्वयंपाकघराच्या टेबलावर, खिडकीच्या उजेडात, मखमलीच्या तुकड्यावर तोमारिस होतं. बाजूला भिंग. चहा नव्हता.

"बसा," त्या म्हणाल्या. "तुम्ही हे मोजलं होतंत."

"हो."

"तुमच्या यंत्राला हे दिसलं नाही?"

खोटं बोलायला एक क्षण मिळाला होता. "दिसलं," मी म्हटलं.

"कधी?"

"अकरा आठवडे झाले."

"छापायच्या आधी."

"आधी."

त्यांनी नाणं मखमलीत गुंडाळलं. उजवा डोळा अजून लालसर होता.

"तुम्हाला वाईट वाटेल असं वाटलं मला," मी म्हटलं.

"वाटलंच असतं. एका गोष्टीचं वाटलं असतं. आता दोन गोष्टींचं वाटतंय." आवाज चढला नव्हता. "तुम्ही मला तपासनीस समजत होता असं मी धरून चालले होते. तुम्ही मला म्हातारी समजत होता."

मी रडले. त्यांनी ते पाहिलं आणि तिथून उठून गेल्या.

तीन आठवडे आम्ही बोललो नाही. हाउसऑर्डनुंगप्रमाणे, म्हणजे घराच्या नियमांप्रमाणे, जिना झाडायची पाळी आळीपाळीनं असायची. दाराला चिठ्ठी लागे, 'जिना: या आठवड्यात तुम्ही.' एवढाच संवाद. सोमवार येत होते, टेबलावर खण येत नव्हता. मी दुसरी खोली शोधायला लागले होते.

मग एका शनिवारी दार वाजलं. बाई कोट, टोपी घालून उभ्या. "त्याच्या खाली काय होतं?"

"म्हणजे?"

"नवी अक्षरं कोरायला कुणाची तरी घासली असतील ना. कुणाची? तुमचं यंत्र वाचू शकेल?"

आम्ही लॅबमध्ये गेलो. बुटांवर निळी प्लास्टिकची आवरणं चढवून बाई स्क्रीनसमोर बसल्या, कारखान्यात बसत असतील तशा, पाठ ताठ. मी वेगवेगळ्या कोनांतून प्रकाश टाकत गेले. चौथ्या अक्षराच्या खाली एक तिरकी रेघ उरली होती. पहिल्याच्या कडेला एक बाक. बाकी काही नाही. तेवढ्यावर काहीच ठरत नव्हतं. मग बाईंनी पिशवीतून एक जाडजूड कॅटलॉग काढला आणि नदीच्या देवांची पानं उलटायला लागल्या. जुना ठसा वापरून वापरून तडकतो आणि तो तडा प्रत्येक नाण्यावर उमटतो. आपल्या देवाच्या गुडघ्यापासून निघून कडेपर्यंत गेलेली एक बारीक रेघ होती. दुपारी तीनच्या सुमारास ती रेघ एका पानावरच्या फोटोत सापडली. तोच गुडघा, तीच रेघ, शेवटची तीच तीन अक्षरं.

"सार्डिसकर," माझ्या तोंडून निघून गेलं.

बाईंनी कॅटलॉग मिटला.

"याला मी कधी घरात घेतलं नसतं," त्या म्हणाल्या. मग थोड्या वेळानं, "मोठं शहर म्हणून काय झालं? कुणीतरी भिंग लावून, तासन् तास बसून त्यांचं नाव खरवडलंय. का, तर छोट्या गावाला गिऱ्हाईक आहे. माझ्यासारखं." त्यांनी नाणं कडेनं उचललं. "आणि मी त्यावर आठ पानं लिहिली."

आपल्या गावाबद्दल त्या काही बोलल्या नाहीत. मीही काढलं नाही.

त्या रात्रीच त्यांनी अध्यक्षांना फोन केला. मला त्यांची एकच बाजू ऐकू येत होती. "नाही. छोटी टीप नको... नाही, 'नव्या संशोधनानुसार' असंही नको. कसलं नवं संशोधन?" मग फोन ठेवून माझ्याकडे वळल्या. "गुरुवारी तुम्हीही येणार. आणि उभ्या राहणार."

"मी काय बोलू?"

"जे मोजलंत ते. आणि कधी, तेही."

गुरुवारी मागची खोली भरलेली होती. बाई उभ्या राहिल्या. हातातला एकच कागद त्यांनी वाचून दाखवला: लेखातलं तोमारिसचं नाणं बनावट कोरलेलं आहे. ते मूळचं सार्डिसचं आहे. माझे डोळे अधू झाले होते हे मी लपवलं. ते नाणं खरं असावं अशी माझी इच्छा होती, आणि इच्छेवर मी आठ पानं लिहिली. लेख मी मागे घेते. कागदाची घडी घालून त्या बसल्या. 

मग मी उभी राहिले. जर्मनमधली लिंगं चुकत होती. ओरखडे, उभ्या कडा, सहा अक्षरं सांगितली. "मला हे लेख छापायच्या आधी माहीत होतं," एवढं म्हणून मी खाली बसायला लागले.

अध्यक्ष मऊ आवाजात म्हणाले, "असू द्या हो. विद्यार्थिनी आहे, तिला कशाला यात ओढायचं? चांगल्या मनानं केलंय तिनं."

"चांगल्या मनानंच केलंय," बाई बसल्या जागेवरून म्हणाल्या. "पण मोजलं तिनं होतं. मोजणाऱ्यानं सांगायचं असतं." आणि माझ्याकडे न बघता, "पुढे बोला. कधी मोजलंत?"

मी ते सांगितलं. कुणी टकटक केली नाही. एक म्हातारे गृहस्थ उठले, बाईंच्या हातातलं नाणं मागून घेतलं, दिव्याखाली धरलं आणि पुढच्याकडे दिलं. ते नाणं सगळ्या खोलीभर हातोहात फिरलं.

पत्रिकेच्या पुढच्या अंकात दीड पानाचं निवेदन आलं. त्यावर दोन नावं होती, बाईंचं आणि खाली माझं. मी त्यांना म्हटलं नव्हतं तसं करायला, आणि त्यांनीही मला विचारलं नव्हतं. अंक माझ्या दारात ठेवलेला होता. त्यावर चिठ्ठी: 'जिना: या आठवड्यात मी.' पाळी माझी होती.

पुढच्या सोमवारी टेबलावर खण आला. त्यात एकच खळगा भरलेला होता आणि चिठ्ठीवर त्यांच्या तिरप्या अक्षरात लिहिलं होतं: सार्डिस, नाव खोडलेलं.

पीएचडी संपल्यावर मी नोकरीसाठी ड्युसेलडॉर्फला आले. बाई शेवटपर्यंत मला 'झी'च, म्हणजे अहो-जाहोच, म्हणत राहिल्या, पत्रातही. त्या गेल्याचं त्यांच्या भाचीनं कळवलं. नाणी एका विद्यापीठाच्या संग्रहात गेली.

माझ्या प्रकाशनांच्या यादीत ते दीड पान सगळ्यात पहिलं आहे. गाइडनी तेव्हाच सांगितलं होतं की हे काढून टाक, मागे घेतलेल्या लेखाचं निवेदन कोण यादीत लावतं? गेल्या वर्षी नव्या नोकरीसाठी अर्ज केला तेव्हा मुलाखतीत एक बाई त्या ओळीवर थांबल्या. कसलं नाणं, म्हणून त्यांनी विचारलं, आणि मी जे झालं ते सगळं सांगितलं, त्या अकरा आठवड्यांसकट.

त्यांनी ऐकून घेतलं. मग जरा संकोचानं म्हणाल्या, "तुमचं एवढं चांगलं काम आहे. ही एक ओळ तुम्ही गाळू शकला असता."

"ती माझ्या एकटीची नाहीये," मी म्हटलं.